मेल्यावर उठायचं नसतं!

“ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांनी स्टेजवर मरण्याच्या भानगडीत पडू नये!”

हा इशारा आमच्या बाईंनी भूमिका वाटतानाच दिला होता. तोही चष्म्यावरून थेट माझ्याकडे बघत. मी काय केलं? हसले! नुसती हसले नाही, तर सगळ्या वर्गाच्या देखत म्हणाले, “बाई, मरणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! विष प्यायचं, गाणं म्हणायचं, धाडकन पडायचं. पुढची रडारड बाकीच्यांनी करायची. याच्याइतकी सोपी भूमिका दुसरी नाही!”

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मला ती भूमिका कलेसाठी नको होती. मला आडवं व्हायचं होतं.

आमचा ढब्बू जन्मल्यापासून मी अशी धड झोपलेलेच नाही. तो दीड वर्षाचा आहे. तो जागा असला की मी त्याच्यामागे धावते. तो झोपला की त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघते. बोट लागलं की तो जागा होतो. जागा झाला की मी पुन्हा धावते! शिवाय गॅस बंद केला का, खिडकीची कडी लावली का, गोट्या-बटणं-नाणी सगळं उंचावर आहे ना, या फेऱ्या वेगळ्याच. मला मरायला फुरसत नाही असं मी येता-जाता म्हणत असे. आणि इथं चक्क मरण्यासाठी राखून ठेवलेली वेळ मिळत होती, वर त्याचे गुण! सोडते की काय?

तर, मी संगीत नाटकाच्या शाळेत शिकते. विम्याच्या ऑफिसातून रजा घेऊन या वयात हे खूळ डोक्यात घेतलं, ते सासूबाईंच्या जिवावर. त्यांनी पहिल्याच दिवशी करार केला होता.

“हे बघ, एक वर्ष मी ढब्बूला सांभाळते. पास झालीस तर पुढचंही वर्ष सांभाळीन. पण नापास झालीस तर गुमान आपल्या ऑफिसात जायचं. आणि सकाळी उठून घरात ते ‘आऽऽ ईऽऽ ऊऽऽ’ कायमचं बंद! शेजारच्यांना वाटतं मी तुला मारते.”

मी म्हटलं, “आई, कबूल!” कबूल म्हणायला काय जातं! पण पुढचं वर्ष मला हवं होतं हो. 

आमच्या बाई दोन विषय मिळून एक विषय शिकवतात. संगीत नाटकाचा इतिहास आणि आत्मचिंतन. इतिहास म्हणजे कुणी, कधी, कुठं, काय गायलं ते. नांदीपूर्वी इतका वेळ वाद्यं का वाजवत बसायचे, तर उशिरा येणाऱ्यांच्या खुर्च्यांची खडखड त्यात बुडावी म्हणून, वगैरे. आणि आत्मचिंतन म्हणजे प्रत्येक तालमीनंतर गोल बसायचं आणि बाईंच्या चार प्रश्नांना मोठ्यानं उत्तरं द्यायची. काय घडलं? काय वाटलं? का घडलं? पुढच्या वेळी वेगळं काय करणार?

हे चार प्रश्न मी घरी आणले आणि घर बिघडलं. एकदा नवऱ्यानं दूध उतू घालवलं.

मी विचारलं, “काय घडलं?”

“दूध उतू गेलं.”

“काय वाटलं?”

“वाईट वाटलं. गॅस कोण पुसणार असंही वाटलं.”

“का घडलं?”

“मी फोन बघत होतो.”

“पुढच्या वेळी वेगळं काय करणार?”

“दूध तापवणार नाही!”

सासूबाई शेजारी बसून सगळं ऐकत होत्या.  त्यांनी नुसती मान हलवली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की यांनी चारही प्रश्न पाठ केलेत.

इतिहासाच्या तासाला बाईंचा एकाच गोष्टीवर दात होता. वन्स मोअर! पूर्वी म्हणे गाणं आवडलं की प्रेक्षक ओरडायचे, ‘वन्स मोअर!’ मग नायिका मेलेली असली तरी उठायची, कपडे झटकायची, तेच गाणं पुन्हा म्हणायची आणि पुन्हा मरायची! लाडकी नायिका असेल तर एका प्रयोगात तीन-तीनदा वारायची. हे सांगताना बाईंच्या मानेची शीर ताठ होई. टेबलावर हात आपटून त्या म्हणत, “डाग! हा आपल्या कलेवरचा डाग आहे! नाटकात एकदा मेलं की मेलं! मेल्यावर उठायचं नसतं!”

“बरोबर आहे बाई!” हे पहिल्या बाकावरून कोण म्हणे? हँडब्रेक.

हँडब्रेक म्हणजे आमच्या वर्गातला माझा जोडीदार. पोटापाण्यासाठी गाडी चालवायला शिकवतो. माणूस सोन्यासारखा, पण एकदा थांबला की थांबला, म्हणून वर्गानं हे नाव ठेवलं. परीक्षेच्या नाटुकल्यात मी राजकन्या आणि तो माझा सेनापती भाऊ. तो आधी तलवारीनं मरतो, त्याच्या शेजारी मी विषानं मरते, आणि मग बाकीचा वर्ग आमच्याभोवती उभा राहून शोकगीत गातो. हँडब्रेकचं तत्त्व एकच. पडदा पडल्याशिवाय प्रेतानं हलायचं नाही.

याचा अनुभव आम्ही घेतला होता. एकदा तालीम चालू असताना इमारतीत आगीच्या सरावाचा भोंगा वाजला. सगळे जिने उतरून रस्त्यावर! खाली मोजणी झाली तर एक कमी. वर जाऊन बघतो तर हा मेलेलाच.

“अहो दादा, भोंगा ऐकला नाही का?”

ओठ न हलवता उत्तर आलं, “ऐकला. पडदा कुठं पडला? आणि ताई, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही!”

तर असा हा शेजारी. आता माझं ऐका. पहिल्या तालमीला मी विष प्यायले, गायले, पडले, डोळे मिटले... आणि झोपले! खरंखुरं! त्या लाकडी फळ्यांवर मला जी झोप लागली, तशी लग्नाच्या आधीसुद्धा लागली नव्हती. डोळे उघडले तेव्हा शोकगीत संपलं होतं आणि बाई डोळ्यांना रुमाल लावून उभ्या होत्या.

“काय ती स्तब्धता! बोटसुद्धा हललं नाही! आता गोल बसा. सांग, काय घडलं?”

आता ‘झोपले’ म्हणू? मी जरा आवाज खाली आणला आणि म्हटलं, “बाई, मी... स्वतःला रिकामं केलं.”

“काय वाटलं?”

“फार हलकं वाटलं.” हे मात्र शंभर टक्के खरं!

“का घडलं?”

“श्वासाचा अभ्यास, बाई.”

हँडब्रेक माझ्याकडे कलला आणि कुजबुजला, “ताई, तुम्ही घोरत होतात.”

“ती मरतानाची घरघर होती, दादा!”

“ती मरायच्या आधी असते.”

“माझी नंतर येते!”

झालं! बाई इतक्या खूश, की त्यांनी शोकगीताला एक कडवं वाढवलं. मी जास्त झोपले. बाई आणखी खूश. आणखी एक कडवं! शेवटी शेवटी ते शोकगीत इतकं लांबलं की कोरसमधल्या मुली मधे पाणी पिऊन यायच्या. आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाईंनी बाँबच टाकला. “बाहेरचे जे परीक्षक येणार आहेत ना, त्यांनी उभा जन्म रंगभूमीवरच्या मरणाचा अभ्यास केलाय. मी त्यांना तुझ्याबद्दल कळवलंय. ते खास तुझं मरण बघायला येताहेत!”

माझ्या काळजाचं पाणी झालं. पण मग विचार केला, घाबरायचं काय? पडायचं आणि झोपायचं! झोपेचं काय कमी आहे माझ्याकडे? नऊ जणांना पुरेल एवढी साठलीय.

पण मी एक गोष्ट विसरले होते. घरचा सराव!

गाणं आणि पडणं मी घरी बसवत होते. प्रेक्षक म्हणजे ढब्बू. त्याला तीनच शब्द येतात. ‘आई’, ‘नक्को’ आणि ‘पुन्ना’. मी पहिल्यांदा गादीवर धाडकन पडले, तेव्हा तो इतका हसला की त्याला उचकी लागली. मग टाळ्या पिटून म्हणाला, “पुन्नाऽऽ!” मी उठून पुन्हा मेले. “पुन्नाऽऽ!” पुन्हा मेले. आंघोळ घालायची असेल तर आधी मरायचं. बूट घालायचे तर मरायचं. घास भरवताना तर एका घासाला एक मरण असा भाव ठरला होता!

बुटांवरून आठवलं. ते चूंचूं वाजणारे बूट त्याला मीच आणले होते. घरात तो कुठं आहे ते मला पाठमोऱ्याही कळावं म्हणून. सासूबाई म्हणाल्या, “अगं, घरात उंदरांची वरात फिरतेय असं वाटतं.” मी म्हटलं, “आई, कान उघडे असले की डोळे नसले तरी चालतं.” फार हुशार ना मी!

परीक्षेची सकाळ उजाडली. बेत चोख होता. ढब्बू आणि सासूबाई घरी. नवरा माझ्याबरोबर, कारण पडद्याची दोरी ओढणारा विद्यार्थी कोरसमध्ये घेतला होता आणि माझ्या नवऱ्यानं “त्यात काय, दोरीच ओढायची ना?” असं म्हणून ते काम अंगावर घेतलं होतं. हँडब्रेकनं त्याला बाजूला घेऊन धडे दिले. “हे बघा भाऊजी, शोकगीताचा शेवटचा सूर, मग एक श्वास, मग उजवीकडची दोरी. सावकाश. क्लच सोडल्यासारखी.”

रंगून, नटून मी विंगेत उभी राहिले आणि फटीतून हॉलमध्ये डोकावले. पहिल्या रांगेत बाई. त्यांच्या शेजारी परीक्षक, हनुवटीखाली हात, चेहरा असा की हसणं त्यांना डॉक्टरांनी बंद केलंय. आणि तिसऱ्या रांगेत... सासूबाई! मांडीवर ढब्बू! पायांत ते बूट!

मी खुणेनंच विचारलं, हे काय? सासूबाईंनी तिथून सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “वर्षभर याला सांभाळलं, मग तू शिकलीस काय ते मी बघायचं नाही का? तू मर निवांत! मी आहे!”

घंटा झाली. दुसरा मार्गच नव्हता.

गाणं, सांगते तुम्हाला, छान झालं. भीतीनं आवाज नेहमीपेक्षा वरच लागला. सेनापती भाऊ आधीच मरून पडला होता, पालथ्या घागरीसारखं पोट वर. मी विषाचा प्याला ओठांना लावला, शेवटची ओळ म्हटली, हात हवेत उचलला आणि धाडकन पडले.  शोकगीत सुरू झालं. मी डोळे मिटले. आता झोप!

कसली झोप!

“पुन्नाऽऽ!”

तिसऱ्या रांगेतून. खणखणीत. माझ्या पायाचा अंगठा आपोआप हलला. उठायची सवय हो! मी अंगठ्याला दाबून धरलं.

“पुन्नाऽऽऽ!”

“शूऽऽ! मेलीय ती. आता नाही उठायची,” सासूबाईंचा आवाज.

आप मेला, जग बुडालं म्हणतात. साफ खोटं! आई मेली की जग दुप्पट ऐकू यायला लागतं. मला कोरस ऐकूच येईना. मला ऐकू आलं ते एकच. चूं. चूं. चूं. म्हणजे मांडीवरून उतरला! चूं चूं चूं. खुर्च्यांच्या मधून चाललाय. चूंचूंचूं, सरळ, भराभर. म्हणजे मधल्या वाटेवर आला! आई कुठं आहेत? चष्मा शोधत असतील! मग चूं... थांबून चूं... थांबून चूं. पायऱ्या! स्टेजच्या बाजूच्या लाकडी पायऱ्या! त्यांना कठडा नाही! वर पोचला की उजव्या हाताला तापलेला दिवा आहे, डाव्या हाताला वायरींचं भेंडोळं, मागं दोन तलवारी टेकून ठेवलेल्या. पत्र्याच्या असल्या म्हणून काय झालं, टोक असतंच ना! मी मेलेल्या अवस्थेत घामानं डबडबले. वरून कोरस गातोय, ‘गार झाली गं काया’, आणि काया नुसती वाफाळतेय!

तरी मी उठले नाही. तुमची शपथ! पुढचं वर्ष, बाईंची शीर, परीक्षकांची हनुवटी, सगळं आठवून दात आवळून मेलेलीच राहिले. आवाज येतोय तोवर मूल ठीक आहे, असं स्वतःला बजावत राहिले. चूं. चूं.

आणि आवाज थांबला.

एक ओळ गेली. दुसरी गेली. आवाज नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना सांगायला नको, ज्यांना नाहीत त्यांनी लक्षात ठेवावं. मूल आवाज करत असेल तर चिंता नाही. मूल गप्प झालं की आई मेलेली असली तरी उठते!

मी ताडकन उठून बसले आणि ओरडले, “ढब्बूऽऽ!”

कोरस ‘गेली, गेली, परत न आली’ या ओळीवर होता. ‘आली’चा सूर लागलाच नाही. कोरसमधली एक मुलगी खरंच किंचाळली. आणि चिरंजीव? अनवाणी! बूट पायांतून काढलेले, म्हणून आवाज बंद! सेनापतीच्या पोटावर घोड्यावर बसल्यासारखे बसले होते. एक बूट सेनापतीच्या छातीवर ठेवला होता आणि हातातलं ओलं बिस्किट सेनापतीच्या मिटलेल्या ओठांत कोंबण्याचं काम एकाग्रतेनं चाललं होतं. आणि हँडब्रेक? पापणी हलेल तर शपथ!

तेवढ्यात विंगेतून दोरी सोडून नवरा धावत आला आणि त्यानं ढब्बूला उचललं.

“नक्कोऽऽ! पुन्नाऽऽ! पुन्नाऽऽ!” ढब्बूनं असा आकांत मांडला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि तिसऱ्या रांगेत सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

“अगं, बघत काय बसलीस? मर ना एकदा! त्याशिवाय तो गप्प बसायचा नाही!”

मग काय, हॉल फुटला! मागच्या रांगेतून आरोळी आली, “वन्स मोअर!” मग दोघं, मग दहा, मग सगळेच. “वन्स मोअर! वन्स मोअर!” मी बाईंकडे बघितलं. त्यांच्या मानेची शीर मला स्टेजवरून दिसत होती. वर्षभर ज्या डागाला त्या शिव्या देत आल्या, तो त्यांच्याच डोळ्यांदेखत, त्यांच्याच परीक्षेत, त्यांच्याच विद्यार्थिनीच्या घरच्यांनी लावला होता! पण साथीला बसलेल्या पेटीवाल्या काकांनी सवयीनं माझ्या गाण्याचे सुरुवातीचे सूर वाजवले, आणि सूर ऐकल्यावर मी तरी काय करणार? उभी राहिले, कपडे झटकले, शेवटचं कडवं गायले, रिकामा प्याला तोंडाला लावला आणि मेले.

ढब्बू खदखदून हसला. हॉलनं टाळ्या पिटल्या.

“पुन्नाऽऽ!”

मेले.

तिसऱ्या वेळी मी पडले तेव्हा ढब्बू बापाच्या हातातून निसटला आणि येऊन माझ्या छातीवर आडवा झाला. त्यानंही मरायचं ठरवलं होतं. डोळे घट्ट मिटले, तोंडात बोट घातलं. ऊबदार, जड, बिस्किटाच्या वासाचा गोळा. म्हणजे तो सापडला होता. पडलेला नव्हता, भाजलेला नव्हता, काही गिळलेलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडल्या पडल्या...

जागी झाले तेव्हा माझ्या नाकाखाली बोट होतं.

बोट परीक्षकांचं होतं. ते गुडघ्यावर बसून माझा श्वास तपासत होते. “जिवंत आहेत,” त्यांनी बाईंना सांगितलं. हॉल रिकामा झाला होता. दिवे मालवले होते, हातभर अंतरावरचंही नीट दिसत नव्हतं. माझा नवरा आणि सासूबाई बाहेर चहा घेत होते. मी ढब्बूला खांद्यावर टाकलं आणि आम्ही सगळे वर्गाकडे निघालो, कारण तोंडी परीक्षा बाकी होती. दारातच सासूबाईंनी ढब्बूला घेतलं.

तोंडीला परीक्षकांनी आधी हँडब्रेकचं नाव पुकारलं. उत्तर नाही. पुन्हा पुकारलं. “गेला असेल गाडी शिकवायला,” बाई तुटकपणे म्हणाल्या. त्यांचा सगळा राग माझ्यासाठी राखून ठेवलेला होता. “हिची घ्या!”

परीक्षकांनी हनुवटीखालचा हात काढला. “मला एकच सांगा. ते मरणातून उठणं, पुन्हा गाणं, पुन्हा मरणं. हे तुम्ही ठरवून केलंत?”

आता सांगा, बुडत्याला काडी दिसली तर तो काडीची जात विचारतो का? माझ्या तोंडून भडाभडा निघालं, “हो सर! वन्स मोअरची जुनी प्रथा! आम्ही इतिहासात शिकलो ती नुसती सांगण्यापेक्षा दाखवावी म्हटलं. मूल, सासूबाई, सगळे... त्या योजनेचाच भाग!”

बाईंचं तोंड उघडं ते उघडंच. परीक्षक चक्क हसले! “वा! आणि ते शेवटचं मरण? मी इतकी वर्षं मरणं बघतोय. असं मरण नाही बघितलं. छातीवर मूल असून अंग जराही हललं नाही. हे कसं साधलंत?”

मी नजर जमिनीकडे वळवली. विनयानं! “साधना, सर. श्वासाची साध—”

“कसली साधना नि कसलं काय!”

दारात सासूबाई. काखेत ढब्बू, हातात त्याचा एकच बूट. “अहो साहेब, झोपली होती ती! घोरत होती! मला बाहेर चहाच्या टेबलाशी ऐकू येत होतं!”

“आई!” मी.

“तू थांब. हे चार प्रश्न मी वर्षभर ऐकतेय, मला येतात. काय घडलं? मूल दिसेना म्हणून उठली, मूल सापडलं म्हणून झोपली. काय वाटलं? तिला काय वाटलं ते तिनं सांगावं, पण ती उठली नसती तर मला फार वाईट वाटलं असतं. का घडलं? दीड वर्ष या पोराच्या नाकाखाली बोट धरून बसतेय, झोपते कधी? आणि त्या लांबलचक शोकगीतानं माझा डोळा लागला होता तिसऱ्या रांगेत, तो सुटला माझ्या हातून, तिच्या नाही. पुढच्या वेळी वेगळं काय? रोज दुपारी पोर माझ्याकडे, ही खोलीत, कडी लावून! म्हणजे मग स्टेजवर येऊन काम करील!”

 ढब्बूनं आजीच्या काखेतून हलकेच विचारलं, “पुन्ना?”

पहिल्यांदा बाई हसल्या. मानेची शीर सैल झाली. “वर्षभरात माझ्या तासाला झालेलं हे पहिलं खरं आत्मचिंतन,” त्या म्हणाल्या.

परीक्षकांनी निकाल तिथंच सांगितला. “गाणं उत्तम. इतिहास प्रात्यक्षिकासह उत्तम. मरण नापास. आत्मचिंतनात पैकीच्या पैकी, पण ते यांच्या सासूबाईंना. एकूण पास! फक्त पुढच्या वर्षी यांना जिवंत माणसांच्याच भूमिका द्या.”

पास! पुढचं वर्ष माझं! मी सासूबाईंना मिठी मारली, तर त्या म्हणाल्या, “सोड, सोड. घरी जाऊन आधी झोप. आणि याचा दुसरा बूट कुठं टाकलास?”

मी म्हटलं, “असेल कुठंतरी.” आनंदात कोण बूट शोधतं?

आता दुपार आहे. घर गाढ झोपलंय. सासूबाई नवा करार पाळायला म्हणून ढब्बूला घेऊन आडव्या झाल्या आणि त्याच्या आधी झोपल्या. तो माझ्याकडे आला आणि माझ्या दंडावर डोकं ठेवून आत्ता कुठं झोपलाय. मी एका हातानं, एका बोटानं फोनवर हे लिहितेय. छान लिहून संपवणार होते. पण आत्ताच हँडब्रेकच्या बायकोचा निरोप आला. ‘ताई, हे अजून घरी आले नाहीत. फोनही उचलत नाहीत. दारात एक बाई गाडी शिकायला येऊन बसल्यात. परीक्षा अजून चालूय का हो?’

मी नवऱ्याला पायानं ढोसलं. कुजबुजत विचारलं, “अरे, तू शेवटी पडदा पाडलास ना?”

तो झोपेतच म्हणाला, “कुठला पडदा?”

बाईंना चारदा फोन केला. लागत नाही. मी हलले तर ढब्बू उठेल, आणि तो उठला तर पहिला शब्द काय म्हणेल, ते तुम्हाला माहीतच आहे.

म्हणून तुम्हालाच विचारते. तुमच्या वाटेवर संगीत नाटकाची शाळा असेल, तर तेवढं आत डोकावाल का? हॉलचं दार नुसतं लोटलेलं असतं. स्टेजवर, डाव्या बाजूला, छातीवर लहान मुलाचा बूट असलेले एक सेनापती पडलेले असतील. हाका मारू नका, ते उठणार नाहीत. उजवीकडची दोरी ओढा. सावकाश, क्लच सोडल्यासारखी.

आणि पडदा पडूनही उठले नाहीत, तर तेवढं नाकाखाली बोट धरून बघा हो!